बैल बघायला आलेला माणूस

रविवार, २४ एप्रिल १९३८. मु. झरी.

वही नवी. कुलपाच्या पेटीत ठेवणार, किल्ली करदोट्याला. एवढं करूनही कुणी वाचत असेल तर त्याने इथेच थांबावं. चंद्रभान, तुला म्हणतोय.

मॅट्रिक झालो. तिसऱ्या खेपेला, हे खरं. पण पहिल्या दोन खेपांना पेपर कुणी तपासले याची चौकशी करावी असं कुणालाच वाटलं नाही. चंद्रभान माझा चुलतभाऊ, घर शेजारीच, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो यंदा पहिल्याच खेपेला पास. यात काहीतरी आहे.

आता हैदराबादचं कॉलेज. आबा म्हणाले, जमीन हाय पण रोकड न्हाई, चार वर्षं हैदराबादला पोसायचं आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. म्हणजे वजीफा, शिष्यवृत्ती पाहिजे. वजीफ्याच्या दरख्वास्तीसोबत एसे मागितला आहे. दोन पानं, इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात. मी कोण, कोणत्या अडचणींतून वर आलो, शिकून काय करणार. मुदत पंधरा मे. फी भरून शिकणाऱ्यांना जूनअखेर, पण ते श्रीमंतांचं.

वजीफा मिळाला तर हैदराबाद. नाही मिळाला तर आखाडा. आबांनी तसं स्वच्छ सांगितलं. आखाडा म्हणजे शेतातलं खोपट, कडबा, शेण, बैल आणि लिंबाजी सालगडी. जन्मभर.

संकल्प: रोज पहाटे उठून लिहिणे. या आठवड्यात रफ, पुढच्या आठवड्यात फेअर. एसे कुणाला दाखवायचा नाही.

सोमवार, २५ एप्रिल. सकाळ, बरीचशी.

उशिरा जाग आली. कोंबडा आरवला नाही. चंद्रभानच्या घरचा आरवला म्हणे. असणारच.

दुपारी.

पहिलं वाक्य झालं. 'आय ॲम मुंजाजी, सन ऑफ आबासाहेब ऑफ झरी.' वाक्य बिनचूक आहे, पण स्ट्राँग वाटत नाही. मुंजाजी या नावाला हैदराबादला काय वजन असणार? एम. आबासाहेब असं करावं. बॅरिस्टरसारखं दिसतं.

नाव बदलल्यावर थकवा आला. आजपुरतं एवढं पुरे.

बुधवार, २७ एप्रिल.

परभणीला जाऊन दिनकरराव मास्तरांना भेटलो. इंग्रजी त्यांनीच शिकवलं. सहज विचारल्यासारखं करून विचारलं की समजा एखाद्याला स्ट्राँग एसे लिहायचा असेल तर त्याने काय करावं. मास्तर हसले. म्हणाले, खरं लिहावं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाच लिहिता येणार नाही असं एक काहीतरी शोध आणि साधं लिही. मोठे शब्द घालू नकोस.

परतताना गाडीत विचार केला. मास्तरांचा भाचा यंदा मॅट्रिक झालाय. तोही दरख्वास्त करणार. म्हणून मला साधं आणि खरं लिहायला सांगतात. डाव उघड आहे.

शनिवार, ३० एप्रिल.

तरी एकदा खरं लिहून पाहिलं. म्हणजे मास्तरांना नंतर बोलायला जागा नको. आयुष्यात घडलेल्या गोष्टी आठवून आठवून मांडल्या:

झरीत जन्मलो. गोवर आला, गेला. दर सोमवारी बैलगाडीने परभणीला शाळेला, शनिवारी परत. सोबत आईने बांधून दिलेली धपाटी. दोनदा नापास. त्या गाडीत चंद्रभानला इंग्रजी वाचायला शिकवलं.

शेवटचं खोडलं. किरकोळ आहे. शिवाय माझ्या एसेत चंद्रभानचं नाव कशाला?

मग उरलेलंही खोडलं. खरं बोलायचं तर माझ्या आयुष्यात हार्डशिप म्हणून काही घडू दिलेलंच नाही. आईने जपलं, आबांनी जपलं. मुलाच्या भवितव्याचा विचार म्हणून कुणी केला नाही.

मंगळवार, ३ मे.

पालमहून छबूआत्या आली. आबांची बहीण. न कळवता. आल्या आल्या मला समोर उभं केलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. 'वाळला न्हाईस ना रे?' म्हणाली. हे विचारायचं कारण काय?

जेवणं झाल्यावर ती, आबा आणि आई माजघरात. दार लोटलेलं. मी पाणी प्यायला गेलो की गप्प. तीनदा पाणी प्यालो. 'हैदराबाद' हा शब्द नक्की ऐकू आला. 'इतक्यात पोराच्या कानावर घालू नगा' हेही आलं. म्हणजे मला हैदराबादला जाऊ द्यायचं नाही असं ठरतंय. सख्खे लोक.

चिडून लिहायला बसलो. राग आला की इंग्रजी चांगलं येतं.

गुरुवार, ५ मे.

एसेने वेग घेतला आहे. हार्डशिप नसेल तर ती निर्माण करावी लागते. याला इमॅजिनेशन म्हणतात आणि कॉलेजला तेच हवं असतं.

एक: आम्ही गरीब. खोपटात राहतो. दिव्याला तेल नाही, म्हणून मी मारुतीच्या देवळातल्या दिव्यावर अभ्यास केला. (देवळात मी जातो. शनिवारी.)

दोन: छातीचा विकार. दोन वर्षं खोकलो. यात दोनदा नापास होण्याचाही खुलासा आपोआप होतो. हे सुचल्यावर स्वतःशीच हसलो.

तीन: वडील. आधी त्यांना वारलेले दाखवणार होतो. बापाविना पोर म्हटलं की कुणाच्याही पोटात कालवतं. पण मनाला पटेना. शिवाय दरख्वास्तीवर त्यांची सही लागते. मग शिंदी पितात असं केलं. आबांनी जन्मात ताकापलीकडे काही घेतलेलं नाही, पण हैदराबादला कुणाला माहीत? आणि त्यांना इंग्रजी येत नाही. वाईट वाटलं थोडं. वजीफा मिळाला की त्यांना तिथून चांगलंसं धोतर आणीन.

रविवार, ८ मे.

फेअर झाला. स्वतः वाचला आणि डोळे भरून आले. या मुलाला वजीफा नाही मिळाला तर जगात न्याय नाही.

चंद्रभान येऊन विचारून गेला, 'काय लिहायलायस रे? मदत लागती का?' म्हणालो, हिशेब. तो पानाकडे बघत होता. इंग्रजी उलट्या बाजूने वाचता येतं का त्याला? मीच शिकवलं, पण एवढं शिकवलं नव्हतं.

सावधगिरी म्हणून एसे कणगीत ज्वारीच्या आत पुरला.

संध्याकाळी.

आईने ज्वारी काढताना एसे काढला. झटकला, फुंकला आणि ओसरीवर सगळ्यांदेखत मला दिला. 'जवारीला कागदानं कीड लागत न्हाई व्हय?' म्हणाली. हे तिने मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं असावं. छबूआत्या तर खो खो हसली.

गुरुवार, १२ मे.

परभणीला जाऊन रजिस्टर टपालाने एसे पाठवला. टपालवाल्याने पाकीट हातात धरून खालीवर केलं. वजन बघतोय म्हणाला. मी तो शिक्का मारीपर्यंत तिथून हललो नाही.

घरी येऊन छापील सूचना पुन्हा वाचली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे: उमेदवाराने लिहिलेल्या मजकुराची तहकिकात करण्याचा अधिकार कॉलेजला राहील.

मागची बाजू कोण वाचतं? मुद्दाम मागे छापलं आहे. दगाबाजी.

घाबरलेलो नाही. फक्त तयारी हवी. कॉलेजचा माणूस आलाच तर त्याला एसेत लिहिलेलं सगळं दिसलं पाहिजे. लिंबाजीला आखाड्यावर जाऊन सांगितलं, कुणी परका येऊन माझ्याबद्दल विचारू लागला तर सांगायचं की मालक लय खोकतेत आणि घरात खायची वानवा आहे. लिंबाजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, 'मालक, तुमी न्हाई खोकत.' मी खोकून दाखवलं. म्हणाला, 'असं व्हय. बरं.'

माणूस आज्ञाधारक आहे. थोडा मठ्ठ, पण त्यामुळेच विश्वास ठेवण्यासारखा.

गुरुवार, १९ मे.

आला!

पारावर एक परका माणूस बसलाय. काळा कोट, जरीकाठी फेटा, चष्मा, छत्री. नाव वैजीनाथ. गाव विचारलं तर 'इकडंच खाली' म्हणाला. बैल बघायला आलोय म्हणतो. पारावरचे लोक कुजबुजत होते, पोलिसाचा माणूस असंल, आजकाल लय फिरतेत. मी मनात हसलो. खरं फक्त मला कळलं आहे.

कारण बैल बघायला आलेला माणूस बैलाचे दात बघतो. हा माझे बघत होता.

शिवाय बैलांचं नावही न काढता त्याने न्हाव्याला, दुकानदाराला आणि गुरवाला माझ्याबद्दल विचारलं. तिघांनीही माझ्याबद्दल चांगलं सांगितलं म्हणे. घर चांगलं, बाप देवमाणूस, पोरगं धडधाकट. सत्यानाश! या गावात एक माणूस धड मदत करेल तर शपथ.

आबा नेमके मोंढ्यावर धान्य विकायला गेलेत, परवा येणार. एका परीने बरंच. उद्या मीच त्याला गाठतो.

शुक्रवार, २० मे. सकाळी.

लिंबाजीचा जुना सदरा मागून घेतला. मळका, खांद्यावर फाटलेला. आईने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. 'आरं, आजच असलं घालायचं होतं?' म्हणाली. आजच का, हे सांगेना. तिलाही काही ठाऊक आहे असं दिसतं.

दुपारी.

मुलाखत झाली. अपेक्षेपेक्षा उत्तम. आठवतं ते लगेच लिहून ठेवतो.

पारावर गेलो. आधी लांबूनच खोकलो. त्याने जवळ बसायला सांगितलं, मग जरा लांब सरकून बसला. प्रश्न फार बारकाईचे. किती शिकलास, पुढं शिकायचं मनात हाय का. मी म्हणालो, शिकण्यासाठी जीव देईन. हे त्याला आवडलेलं दिसलं. मग जमीन किती. मी सुस्कारा टाकून म्हणालो, नावाला आहे, खोपटात दिवस काढतोय. तो म्हणाला, 'आन् ते समोरचं माडीचं घर?' मी म्हणालो, ते चुलत्याचं.

मग मामाचं गाव विचारलं. आत्या कुठे दिल्या ते विचारलं. आजोळचे सोयरे कोण ते विचारलं. मी थक्क झालो. युनिव्हर्सिटी किती खोलात जाते! वजीफा उगीच कुणालाही देत नाहीत.

तब्येतीचं त्याने स्वतःहून काढलं. मी सांगितलं, छातीचा विकार, दोन वर्षं झाली. इथे पुन्हा खोकलो. तेवढ्यात चंद्रभान! इस्त्रीचा कोट घालून, न बोलावता. म्हणतो कसा, 'न्हाई मामा, ह्याला काय बी झालं न्हाई. काल माझ्यासमोर चार भाकरी खाल्ल्यात ह्यानं. चेष्टा करायलाय.' काय हे वैर! मी म्हणालो, हा माझं मन राखायला असं बोलतो. वैजीनाथराव चंद्रभानकडे बघत राहिले. म्हणाले, भाऊ चांगला हाय तुझा.

शेवटी हळू आवाजात वडिलांची वागणूक विचारली. चंद्रभान बैलांना पाणी दाखवायला गेला होता तेवढ्यात मी सांगून टाकलं. शिंदी. रोज. सांगताना आवाज खरोखर कापला. ती ॲक्टिंग नव्हती, का कापला ते कळलं नाही.

मी आग्रह केला की घरी येऊन निदान चहा तरी घ्या. उठले, छत्री उघडली. 'नगं. न्हाई घेता यायचा,' म्हणाले. चहासुद्धा लाचेत धरतात. किती कडक माणूस!

जाताना आखाड्यावरून गेले. लिंबाजीने सांगितलेलं सगळं पाठ म्हणून दाखवलं म्हणे. वर 'आमचे मालक रगत पन टाकतेत' हे त्याने पदरचं घातलं. मठ्ठ म्हटल्याबद्दल वाईट वाटलं.

शनिवार, २१ मे.

वजीफा मिळाल्यातच जमा. हैदराबादला न्यायच्या वस्तू आठवत बसलो. वळकटी, तांब्या, आरसा, ही वही. चंद्रभानला माझा जुना कंदील देऊन टाकावा का? शत्रूशी मोठ्या मनाने वागावं. मग वाटलं, नको, त्यातही त्याचा काही डाव असेल.

आबा मोंढ्यावरून आले. आईशी बोलले, मग माझ्याकडे बघून हसले. आबा सहसा हसत नाहीत. म्हणाले, 'व्हईल तुझं मनासारखं.' यांना काय माहीत?

रविवार, २९ मे.

आबा दोन दिवस पालमला गेले होते. आज आले. छबूआत्याही सोबत आली, डोळे पुसत. आबा ओसरीवर बसले. फेटा काढला नाही, पाणी घेतलं नाही. मला समोर बोलावलं आणि विचारलं, 'मी शिंदी पेतो व्हय रे?'

एवढंच. 

छबूआत्याने सांगितलं ते असं. पालमचे आप्पाराव, एकुलती एक मुलगी, पैशाला तोटा नाही. जावयाला चार वर्षं हैदराबादला ठेवून शिकवायचं, सगळा खर्च त्यांचा, अशी बोली आत्याने जमवत आणली होती. वजीफ्याचा भरवसा नाही म्हणून आबांनीच तिला गळ घातली होती. सोयरीक जमेपर्यंत पोराला सांगायचं नाही ही रीत, म्हणून कुजबूज. मुलीकडच्यांनी गुपचूप माणूस पाठवून मुलाची, घराची, बापाची चौकशी करायची ही पण रीत. वैजीनाथराव म्हणजे मुलीचा मामा.

मी म्हणालो, मला वाटलं कॉलेजचा माणूस. आबा म्हणाले, 'कालेजवाला कशाला इचारील तुझ्या मामाचं गाव?'

हा मुद्दा वेळेवर माझ्या लक्षात यायला हवा होता. कुणीतरी तो मुद्दाम लक्षात येऊ दिला नाही.

आत्याने तिकडे सगळं उलगडून सांगितलं होतं. पोरगं खोटं बोललं, खोकला नाही, बाप गंगेसारखा, घर माडीचं, हवं तर चला बघायला. आप्पाराव म्हणाले, 'खोकला असता तर औषिध केलं असतं. बापाला दारुड्या म्हणणारं पोरगं उद्या आमाला काय म्हनंल?'

आबा उठून गोठ्यात गेले. वैरण टाकलेली असतानाही पुन्हा टाकत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर ओसरीवर येतो, आईला किती वेळा सांगितलं.

असो. आप्पारावांच्या पैशांवर शिकण्यात मानही नव्हता. वजीफा आहेच. कॉलेजने अजून तहकिकात केलेलीच नाही, म्हणजे त्यांनी एसेवर डोळे झाकून विश्वास ठेवला.

बुधवार, ८ जून.

हैदराबादचं पत्र आलं. पाकिटावर आबांचं नाव, माझं नाही. आबा म्हणाले, वाच.

इंग्रजीत आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या सहीचं. आलेल्या सगळ्या एसेंत आपल्या चिरंजीवांचा एसे सर्वांत परिणामकारक होता. (इथे थांबून सगळ्यांकडे बघून घेतलं.) कमिटीतल्या दोघा सद्गृहस्थांना तो वाचताना गहिवरून आलं. म्हणूनच छातीच्या विकाराच्या मुलाला होस्टेलच्या कोंदट खोल्यांत चार वर्षं कोंडण्याचं पाप कमिटीच्या हातून होणार नाही. अभ्यासाचा ताण त्यास सोसणार नाही. त्यास खेड्यातच, शेतावर, खुल्या हवेत ठेवावं, ताजं दूध द्यावं. परमेश्वर त्यास बरं करो.

खाली आणखी एक परिच्छेद होता. वडिलांनी मुलाकडे पाहून तरी शिंदीचं व्यसन सोडावं, अशी विनंती. तो मी वाचला नाही. शेवटी म्हणालो, कळावे, लोभ असावा.

आबा म्हणाले, 'खाली अजून चार वळी दिसतेत.' हल्ली ते फार संशयी झालेत. पत्र चंद्रभानला दिलं.  चंद्रभानने सगळं मनात वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, 'हां काका, सलाम लिवलाय तुमाला. बाकी ह्यानं वाचलं तेच हाय.' पत्र घडी करून स्वतःच्या खिशात घातलं.

का? मला जन्मभर मुठीत ठेवायला. दुसरं कारण दिसत नाही. बराच वेळ शोधलं.

रविवार, १२ जून.

छबूआत्या पुन्हा आली. या वेळी चंद्रभानच्या घरी उतरली. पालमकरांनी त्याला पसंत केलं. वैजीनाथराव म्हणे घरी जाऊन सांगत होते, झरीत एक पोरगं बघितलं, भाऊ सोताला नावं ठेवायलाय आन् हे त्याची बाजू घेऊन भांडायलाय, असला जावई पायजे.

म्हणजे त्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून आला तो यासाठी! आईला म्हणालो. आई म्हणाली, 'आरं, मीच धाडला व्हता त्याला. तू फाटका सदरा घालून गेलास म्हणून, तुझी बाजू सावरायला.'

आईलाही त्याने फितवलं आहे.

बुधवार, १५ जून. आखाडा.

आबांनी एका शब्दाने दटावलं नाही. सकाळी म्हणाले, साहेबानं खुल्या हवेत ऱ्हा म्हनलंय ना, चल. वळकटी, तांब्या, आरसा, ही वही. हैदराबादला न्यायच्या वस्तू तशाच्या तशा कामाला आल्या.

लिंबाजीने माझ्यासाठी बाज टाकून दिली. विचारत होता, आता बी कुणी आलं तर खोकतेत म्हणून सांगायचं का? नको म्हणालो. सदरा परत मागत होता.

संकल्प: पुढच्या साली पुन्हा दरख्वास्त. एसेत पहाटेचं शेत, कष्ट वगैरे घालता येईल. त्यासाठी पहाटे उठून बघावं लागेल. उद्यापासून.

शुक्रवार, १७ जून.

उठलो नाही. लिंबाजीने उठवलं होतं, पण त्याच्या उठवण्याचा हेतू निर्मळ वाटला नाही. औताला माणूस कमी होता.

रविवार, २६ जून. आखाडा. तिसरा प्रहर.

पेरणी चालू आहे. लग्न परवा झालं. मी गेलो, वाढलं, उष्टी काढली. आप्पारावांनी माझ्याकडे बघून नमस्कार केला आणि डॉक्टरांना दाखवलंत का, असं मात्र विचारलं नाही.

आज चंद्रभान आखाड्यावर आला. हळदीचे हात. परवाच्या गाडीने हैदराबादला निघणार. फी भरणाऱ्यांनाही एसे द्यावाच लागतो, त्याची मुदत आता संपतेय. म्हणाला, 'लिवलाय, पण तुझ्या नजरंखालून गेल्याबिगर द्यायचा न्हाई.'

मी लगेच ओळखलं. माझाच चोरला असणार. खोपटाच्या दारात उजेडाला बसून एकेक ओळ तपासली.

एकच पान. तेही पुरतं भरलेलं नाही. मी झरीचा. आमच्या घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, मलाही येईना, पाचवीत शाळा सोडणार होतो. माझा चुलतभाऊ मुंजाजी दर सोमवारी परभणीला जाताना गाडीत मला इंग्रजी शिकवत असे. चाकांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो शब्द ओरडून सांगे आणि मी ओरडून म्हणे. रस्त्यावरचे लोक हसत, पण त्याने कधी थांबवलं नाही. ज्या साली तो नापास झाला त्या सालच्या सोमवारीही त्याने मला शिकवलं, आणि दुसऱ्या साली नापास झाला तेव्हाही. त्याच्या वाट्याची धपाटीसुद्धा मीच खात असे, कारण शिकवताना त्याला भुकेची आठवण राहत नसे. शिकून मी शिक्षक होणार. मला तसंच शिकवायचं आहे.

खाली सही.

पुन्हा वाचला. चोरलेलं काही सापडतं का पाहिलं. एकही वाक्य माझं नाही. सगळं खरं आहे. ते सोमवार, ते ओरडणं, लिंबाजी गाडी हाकताना आमच्याबरोबर 'क्याट' म्हणायचा ते. मीच एप्रिलमध्ये हे लिहिलं होतं आणि खोडलं होतं. मास्तर काय म्हणत होते ते आत्ता कळलं, आणि फार वाईट वाटलं. 

चंद्रभान म्हणाला, 'चुकलंय का काई?'

मी म्हणालो, दोन ठिकाणी कॉमा. ते घालून दिले.

त्याने खिशातून प्रिन्सिपॉलसाहेबांचं पत्र काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, जाळून टाक, काकाच्या हाती लागायला नगं. आणि गेला. बांधापर्यंत वळून वळून बघत होता. माझा कंदील त्याला द्यायचा राहिला.

पत्र चुलीत घातलं. लाकडं ओली, धूर फार झाला. ठसका लागला तो थांबेना, छातीत दुखेपर्यंत खोकलो. आबा तिफण धरून पलीकडच्या तासात होते. तिथूनच ओरडले, 'बास झालं आता. इथं कुणी बी बघायलेलं न्हाई. तिफणीमागं ये.'

जातो. हवा खुली आहे, तेवढं मात्र प्रिन्सिपॉलसाहेबांचं बरोबर होतं.